पट्ट्याचं बक्कल

विसाले, ग्वाडलकनाल
९ नोव्हेंबर २०१४

आदरणीय गाब्रिएलमामा यांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. रताळी बरी आली, फक्त खालचा तुकडा रानडुकरांनी उकरून टाकला. रोझलिनचा गुडघा दुखतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुम्हीही किराकिराला लेकीकडे मजेत असाल.

जपान्यांनी मला यंत्र भेट दिल्याची बातमी तिथवर पोचली म्हणायची! खरं आहे. नवंकोरं आहे. जमिनीवरून फिरवलं की पुरलेला धातू ओळखून कानात वाजतं. बेचाळीसच्या लढाईतली काडतुसं, डबे, शिरस्त्राणं, काय वाट्टेल ते सापडतं. परवा घरामागे मोठ्या रुबाबात खणलं, तर आमचंच हरवलेलं पातेलं निघालं. रोझलिन म्हणाली, "वा! आता ह्यातच तुमचं यंत्र शिजवून वाढते."

तुम्ही लिहिलंत, आता यंत्र आहे तर आमच्या बेसादादाला शोध, नाताळाला मी डुक्कर घेऊन येतो, त्याला आईच्या जमिनीत ठेवू आणि गावजेवण घालू. ते वाचल्यापासून उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

मामा, यंत्राला माणूस कळत नाही, धातू कळतो. सैनिकांच्या अंगावर तो होता. जपान्यांनी ओझी वाहायला नेलेल्या बेसामामांसारख्या आपल्या माणसांच्या अंगावर काय होतं? तेव्हा शोधणं कठीण आहे, असं लिहून हे पत्र संपवणार होतो. तसं एक लिहिलंही, आणि फाडलं.

यंत्र का मिळालं ते सांगतो. जुलैत फुसाएबाई आल्या होत्या. वय तुमच्याएवढं, बापाचं तोंड पाहिलेलं नाही. त्याची तुकडी आपल्या नाल्याशी संपली, म्हणून त्या दरवर्षी यायच्या आणि हात हलवत परत जायच्या. या खेपेला नाल्याच्या वरच्या अंगाला यंत्र माझ्या हातात वाजलं. जपानी पट्ट्याचं बक्कल निघालं, खाली हाडं. बाई मातीत बसल्या आणि "बाबा, बाबा" म्हणत रडू लागल्या. त्यांच्यासोबतच्या दुभाष्यानं माझी पाठ थोपटली, "नेस्टर, कान आहे की काय आहे रे तुझा!"

मी जबडा साफ करत होतो. दात काळेतांबडे होते. मामा, मी जन्मभर सुपारी-चुना खातोय, मला ते दात कळणार नाहीत? मग डावा हात वर आला. कोपराखाली वाकडा जुळलेला. बेसामामा लहानपणी रानबदामाच्या झाडावरून पडले, आजीनं कामट्या बांधल्या, तरी वाकडाच बसला, हे तुमच्याच तोंडून किती वेळा ऐकलंय. पट्टा ओझं बांधायला दिला असेल.

मी बोललो नाही. बाई रडत होत्या म्हणून, असं मनाला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. आदल्या दिवशी दुभाष्या म्हणाला होता, "काही सापडलं तर असंच नवं यंत्र तुझं." मी ते दात पुन्हा मातीनं माखून ठेवले.

संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे अग्नी दिला. लाकडं मी रचली. बाई पांढऱ्या कापडातली अस्थींची पेटी छातीशी धरून विमानात चढल्या.

आपल्यात मामाला मातीत ठेवायचं काम बहिणीच्या मुलाचं. मी माझ्या आईच्या भावाला जाळलं आणि परदेशी धाडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लाजेनं मला जेवण जात नाही. काल रोझलिनला सांगितलं. टोमणा मारेल वाटलं, तर तिनं यंत्र उचलून घराबाहेर नेऊन ठेवलं.

फुसाएबाईंचं पत्र आलंय. वडिलांना आईशेजारी ठेवलं, आता झोप लागते म्हणतात. तुम्ही सांगाल तर त्यांना खरं कळवतो आणि बेसामामांना परत मागतो. गप्प राहा म्हणालात तर गप्प राहीन. तुम्हा दोघांपैकी एका म्हाताऱ्या माणसाचं माणूस मला हिरावून घ्यायचंय. हे त्या सकाळीच माझं मी निस्तरायला हवं होतं. आता तुमच्या गळ्यात टाकतोय, त्याचीही लाज वाटते.

डुक्कर बोटीवर चढवू नका. तुम्ही मात्र या, आणि काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला. तुमची वेळ येईल तेव्हा तुम्हाला मातीत कोणी ठेवायचं, तेही माझ्या धाकट्या भावांपैकी एकाला सांगून ठेवा. मी मागे उभा राहीन.

भाचा म्हणून सही करायला हात धजत नाही.

ऑगस्टाचा मुलगा,
नेस्टर