पिंजाऱ्याची कबुली

धुळे, ६ डिसेंबर १९६६, मंगळवार

आज शिंदखेड्याच्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याला मी शिक्षा दिली. मुलीकडे कराचीला गेला, तिकडच्या, म्हणजे पाकिस्तानी पासपोर्टावर परतला आणि मुदत संपल्यावरही राहिला, हा आरोप. वकील नव्हता. मी विचारलं, "मुदतीनंतर राहिलात, कबूल?" "हो, साहेब." साहेबाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्याला ठाऊक. खानदेशात दहा वर्षं काढून मला हे कळू नये?

मी सही केल्यावर तो म्हणाला, "मना जनम शिंदखेडाना शे, साहेब. आते घर जाऊ ना?" त्याच्या बाहीवरचा कापूस कठड्याला चिकटला होता.

शिंदखेड्यात जन्मलेला हा माणूस परका की इथलाच, हे ठरल्याशिवाय त्याला देशाबाहेर घालवता येत नाही. ते विचारणं माझं काम होतं. आता सही केलेला निकाल मलाही बदलता येत नाही. शिक्षा संपली की पोलीस त्याला सरहद्दीपार सोडणार. निकाल फेरतपासावा म्हणून जिल्हा न्यायाधीशांना लिहू? काय लिहू, मी विचारलंच नाही म्हणून?

तेव्हा कोर्टात शिपायाने कठड्यावरचा तो कापूस फडक्याने पुसला. म्हातारा अजून उत्तरासाठी माझ्याकडेच बघत होता. मी पुढचा पुकारा करायला सांगितलं.