तुझ्या गाडीचे कप्पे, माझ्या गाडीत

नायगाव, रविवार

तीर्थस्वरूप हितेंद्रदादास,

विनीतचा नमस्कार. शिरसाष्टांग घातला असता, पण सध्या आमच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही (मधोमध गाडीचं मागचं सीट ठेवलंय, ते तिथे कसं आलं ते पुढे येईलच), तेव्हा उभ्या उभ्या केलेला गोड मानून घे. राधाआत्याची कंबर कशी आहे? आता धरून धरून पडवीपर्यंत येते असं वहिनी म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, त्यावर विश्वास ठेवू नकोस. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू हसलास तर मला ऐकू येतं आणि मी बोललो तर आप्पांना ऐकू येतं. पत्रात दोन्ही टळतं.

तुला आठवत असेल, शिमग्याला आत्या पडली तेव्हा तू म्हणाला होतास की मी गाडी घेऊन येतो आणि मामांना आईला भेटवायला घेऊन जातो. त्यावर मी म्हणालो होतो की माझी गाडी काय मी शोभेला घेतली आहे? दादा, ते वाक्य आता मला झोपू देत नाही. गाडी मी आप्पांसाठीच घेतली होती. एसटी खालच्या तिठ्यावर सोडते, तिथून तुमच्या वाडीपर्यंतचा चढ, त्या व्हाळाचं पाणी, ते दगडगोटे, आणि आप्पांचे गुडघे असे की आमचे दोन जिने उतरतानाही ते कठड्याला विचारून पाय टाकतात. म्हणून माहीमच्या एका गृहस्थाकडून चारही चाकं ओढणारी ही जुनी गाडी घेतली. आप्पांची एकच इच्छा होती, बहिणीला एकदा डोळ्यांनी बघायचं. शिमग्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी निघालो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण शुक्रवारी तू तुझ्या गाडीचे फोटो पाठवलेस. (मी दोष देत नाही. नुसतं नमूद करतो.) मागचं दार उघडलं की त्यातून खाली येणारं टेबल, दोन खोल ड्रॉवर, खिडकीवर पट्ट्यापट्ट्यांची जाळी आणि तिला टांगलेल्या पिशव्या, टपावर कॅरियर, कडेला गुंडाळलेलं छत. ती फोटोतली गाडी बघून मी खाली जाऊन आमची उघडली, तर आत नुसती हवा. एकशेसाठ चौरस फुटांत वाढलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही, दादा. आमच्या खोलीत पोटमाळ्यावर ट्रंका, ट्रंकांखाली खाट, खाटेखाली पिंपं, आणि तरीही आई असताना तिला एखादा कोपरा वाया गेलेला दिसायचा. आता माझी गाडी ज्या कंपनीची, तिच्या गाडीवाल्यांचा एक ग्रूप आहे आणि त्यात तुझ्या गाडीच्या कंपनीचं नाव काढणं म्हणजे जेवताना भलतंच काही बोलण्यासारखं मानतात. मी त्यात चौकशी केली की अशी सोय आपल्याकडे का नाही, तर एकाने उत्तर दिलं, आपल्या गाडीला त्याची गरज नाही. मग मी गुपचूप तुझ्याच गाडीच्या कल्पना उचलायच्या ठरवल्या.

माझा वर्गमित्र बुद्धभूषण परळला किचन ट्रॉल्या आणि पोटमाळे करतो. त्याला फोटो दाखवले तर तो माझ्याहून जास्त पेटला. मुश्कील एवढीच की कल्पना तुझ्या कंपनीच्या आणि भोकं माझ्या कंपनीची. एकही बोल्ट जागेवर बसेना. बुद्धभूषण म्हणाला, वेल्डिंग मारतो, टेन्शन नको. मारलं. ड्रॉवरना त्याने स्वयंपाकघराचे चॅनेल लावले, ते इतके गुळगुळीत की मी ब्रेक दाबला की दोन्ही ड्रॉवर पुढे येऊन माझ्या पाठीशी थांबायचे. दारातलं टेबल एकदा उघडलं ते मिटेना, म्हणून परळपासून घरापर्यंत मागे टेबल मांडूनच आलो. छताचं तर विचारूच नकोस. हिंदमाताच्या सिग्नलला ते आपोआप उघडलं आणि शेजारच्या स्कूटरवरचं जोडपं सावलीत आलं. त्यांनी आभार मानले. ग्रूपवर त्याचा फोटो कुणीतरी टाकला आणि खाली विचारलं, ही कुठल्या कंपनीची गाडी?

एवढ्यावर भागलं असतं. पण आमची चाळ आता खाली होतेय आणि ज्याच्या त्याच्या घरात एकच प्रश्न आहे की जुनं सामान टॉवरमध्ये शोभणार नाही, तर त्याचं करायचं काय. उत्तरही एकच, गावाला पाठवायचं. गिरणगावातून कोणी गावाला निघाला की त्याच्यासोबत शेजाऱ्यांचं काहीतरी जातंच, हे तुला सांगायला नको. पूर्वी खाऊची पिशवी, औषधाची बाटली असायची. आता शेजारच्या कमलाबाईंनी मिक्सर आणला. मग शिवणाचं मशीन आणलं. मग तांब्याचा बंब. तळमजल्यावरच्या शामरावांनी पंखा आणि देव्हारा. प्रत्येकाचं गाव आमच्या वाटेवरच होतं (चिपळूणही, देवरुखही, आणि एका गृहस्थांचं तर साताऱ्याकडचंही). मी नाही म्हणायच्या आत आतून आप्पांचा आवाज यायचा, "ठेव रे विन्या, जागा आसा." साठ वर्षांत त्यांनी कुणाचं सामान परत पाठवलेलं नाही. सामान वाढलं म्हणून मी बुद्धभूषणकडून आणखी एक कप्पा करून घ्यायचो, आणि कप्पा झाला की तो भरायला कुणीतरी यायचंच.

मागचं सीट कधी निघालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. तिसऱ्या कप्प्याला ते आडवं येत होतं एवढंच आठवतं. फेकायचं कसं म्हणून वर आणलं. पुढच्या डाव्या सीटचंही तेच झालं. तुझ्या कंपनीच्या एका फोटोत ते सीट दुमडून लांब सामानाला फळी केलेली होती, आणि कमलाबाईंच्या लोखंडी खाटेला लांबी हवी होती. बुद्धभूषणने फळी पक्की केली. आम्ही दोघांनी त्या दिवशी चहा घेतला आणि खूप खूश होतो.

मग निघायचा दिवस आला. सौ. अनुजाने गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चाळ खाली जमली. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, आत्यासाठी घेतलेलं लुगडं पिशवीत घालून, कठड्याला धरत खाली आले. गाडीला त्यांनी एक फेरी मारली. मागचं दार बघितलं, दोन्ही बाजूंची बघितली, पुढचं बघितलं. मी किल्ली हातात घेऊन उभा होतो आणि मला तेव्हा, त्या क्षणी, पहिल्यांदा कळलं. आप्पा म्हणाले, "सामान पोचव तू आधी. माझा काय, मागसून बघू." आणि कठड्याला धरत पुन्हा वर गेले. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, दादा. कुणी हसलं नाही.

मी गेलो नाही. त्यांना घरी ठेवून मिक्सर पोचवायला जायचं मन झालं नाही. सामान परत करावं तर कमलाबाई खोली सोडून कल्याणला मुलीकडे गेल्या आहेत आणि शामरावांकडे पंखा टांगायला खोलीच उरलेली नाही. कप्पे काढावेत तर बुद्धभूषण म्हणतो, वेल्डिंग कापायचं तर निम्मी गाडी कापावी लागेल. आप्पा दिवसभर खोलीतल्या त्या सीटवर दाराकडे तोंड करून बसतात. संध्याकाळी आत्याचा फोन येतो, निघालास काय रे म्हणून, आणि ते सांगतात, गाडयेचा काम चालू आसा. माझं नाव घेत नाहीत. त्यांनी चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. मला माझी खरोखर लाज वाटते.

असो. आत्याला माझा साष्टांग सांग, वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या फोटोंना मी वर जो दोष देत नाही म्हणालो, तोही मागे घेतो.

तुझा,
विनीत

ता. क. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की येत्या शनिवारी तुझी गाडी घेऊन ये आणि आप्पांना ने. शिमग्याला मी जे बोललो ते विसर. येताना ड्रॉवर, टेबल, जाळी काय असेल ते घरी काढून ठेव, नुसती सीटं आण. मी एसटीने मागून येईन. गाडी मात्र चाळीच्या मागच्या बाजूला लाव, आमच्या ग्रूपमधले दोघं समोरच राहतात.

ता. क. दुसरं. पाकीट बंद करणार तेवढ्यात शेजारचा लवू येऊन गेला. हितेंद्रची गाडी रिकामी येणार असं त्याला कसं कळलं देव जाणे (मी लिहिताना तो मागे उभा असावा). त्याचं एक लाकडी कपाट आहे, लहानसंच आहे, कणकवलीला उतरवायचं. मी "बघू" म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि आमच्याकडे बघू म्हणजे आणून ठेवा, हे तुला ठाऊक आहे. तेवढ्यात आप्पा सीटवरून म्हणाले, "जागा नाय, लवू. थंय मी बसतलंय." लवू म्हणाला, "बरा. राधाबायक माझो नमस्कार सांगा," आणि गेला. तेव्हा रिकामीच ये.