आपांच्या हातचा घास

३ नोव्हेंबर, तराझ
नोकरी लागली. पशुवैद्य झाल्यावरचं पहिलंच काम, तेही एका अजगराचं. झमाल आपा म्हणजे घरमालकीण आजी; आजीला इथे आपा म्हणतात. त्यांचा मुलगा सर्कशीत होता. तो वारला, अजगर मागे उरला. आपा त्याला ‘माझं शिंगरू’ म्हणतात, पोटच्या पोराला म्हणावं तसं. एवढीशी चिमणी, माझं शिंगरू तुला नाश्त्यालाच खाईल, असं त्यांनी मला दारातच चिडवलं. मला इथेच राहायला दिलेली खोली उबदार आहे. मी खूश आहे.

५ नोव्हेंबर
अजगराचं तोंड नीट मिटत नाही. हिरड्या लालभडक, त्यांवर रक्ताचे ठिपके, लाळेला तार, दातांच्या कडेला पनीरासारखा घट्ट पिवळा पू. तोंड कुजतंय. आपांनी त्याला मानेमागे धरलं; मी पू सोडवला, पातळ आयोडीनने धुतलं, इंजेक्शन दिलं, त्याच्या काचेच्या पेटीची ऊब वाढवली. बरं व्हायला महिना तरी लागेल.

जेवताना आपांनी आपल्या हाताने मांसाचा मोठा घास माझ्या तोंडात कोंबला. वडीलधाऱ्यांनी भरवलेला घास नाकारायची आपल्यात रीत नाही. त्यांनी हात धुतले होते की नाही, मी पाहिलं नाही.

११ नोव्हेंबर
अजगर झपाट्याने सुधारतोय. औषधाने इतक्या लवकर गुण येत नाही. माझ्या हिरड्या ठणकतात. आपा रोज भरवतात, मी रोज खाते.

१६ नोव्हेंबर
आरशात पाहिलं. तेच ठिपके, तोच पू. सापाचं दुखणं माणसाला असं लागत नाही, मी हेच शिकले आहे. स्वतःला इंजेक्शन टोचलं. उपयोग नाही. भीती वाटते.

आपांना विचारलं. त्या म्हणाल्या, “दुखणं मरत नसतं गं पोरी. एकातून काढून दुसऱ्यात घालावं लागतं. माझं हे एकच लेकरू उरलंय.”

पळाले. फाटकाशीच कोसळले. आपांनीच मायेने उचलून आत आणलं.

१९ नोव्हेंबर
जीभ हलत नाही. आईचा फोन आला — तोंडातून नुसता फुत्कार. आईला वाटलं, लाइन खराब आहे. आपांनी फोन घेतला. पोरीची दाढ सुजलीय, तुम्हीच या, म्हणाल्या.

मग माझे केस कुरवाळत म्हणाल्या, तू गुणाची आहेस, तुझ्यातूनही काढू — आई आहे ना तुझी.

नको —

२१ नोव्हेंबर
आई आली. आपांनी बोटांनी माझं तोंड पुसलं. त्याच हाताने मांस कालवताहेत. मी मान हलवते — आईला वाटतं, मला भूक नाही.

ही वही तिच्यापुढे सरकवून लिहितेय. आई, हे वाच. त्यांचा घास घेऊ नकोस. मी बरी होईन, पण तू — चष्मा पिशवीत आहे, तो बाहेर काढ, लाव, हसू नकोस, तोंड मिट, आधी वाच, आई, आधी —