ह्यांचं घट्ट रक्त

मंगळवार, दिवेलागण

परभणीच्या डॉक्टरांनी आज ह्यांची थकव्यासाठीची हार्मोनची इंजेक्शनं बंद केली. त्या इंजेक्शनांनीच रक्त घट्ट झालंय, हृदयाला धोका हाय म्हणे. आणि आमी? जयंतीच्या रक्तदान शिबिरात ह्यांचं हिमोग्लोबिन लय जास्त निघालं, तर हे गल्लीभर सांगत फिरले. मला वाटलं, माझ्या बिटाच्या कोशिंबिरीचा गुण! रोज बीट किसलं. ह्यांच्या पायाला सूज दिसायली, तरी किसतच राहिले.

परतताना एसटीत हे हळूच म्हणाले, "आता मी पुन्हा पहिल्यासारखा दमून पडणार बघ."

टोपलीतली बिटं बघून आता उत्तर सुचायलंय. पडा की दमून. मी तर रोजच दमते, मला कुणी इंजेक्शन दिलं? दोघं मिळून दमू. दोघं असलो म्हणजे झालं.