डुकरिणीच्या पापणीचा एक केस

पोलोक्वाने, मंगळवार

आदरणीय फुती मामांना भाचा मादिमेजाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मामी आणि सान्नी डुकरीण, तिघांचीही तब्येत बरी असावी. तपकीर सोडलीत म्हणे. (मामी म्हणतात, कसली सोडतायत! अजूनही पत्र उघडलं की आधी चिमूट ओढतात आणि मग कागदभर शिंकतात.)

माझं इकडे झकास चाललंय, निदान शुक्रवारपर्यंत. खाणीत बारा वर्षं सुरुंग लावणाऱ्या माणसाला संग्रहालयाने दगडातून दात काढायला ठेवलंय, आता बोला! दात कुणाचा, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाम माशासारख्या कुठल्याशा प्राण्याचा, मिठाच्या कणाहून बारीक. पहिल्याच दिवशी मी हातोडा मागितला, तर आमच्या वरिष्ठ फेन्टरबाई म्हणाल्या, "अहो, दगड फोडायचा नाही, त्याची मनधरणी करायची!" म्हणजे चुनखडी पातळ व्हिनेगरमध्ये भिजवायची, विरघळू द्यायची, गाळ चाळायचा, धुवायचा आणि उरलेला दगड पुन्हा भिजत घालायचा. सहा आठवडे मनधरणी केली. (एवढी लग्नाआधी माझीसुद्धा केली नव्हतीस, असं माझ्या बायकोने, म्मापुलाने सुनावलं. शिवाय तू जवळ आलास की व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्स खाव्याशा वाटतात, हेही तिनेच ऐकवलं.)

शेवटी दोन अखंड दात निघाले. पहिला मी चिमट्याने उचलला, त्याचे तीन झाले. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या नुसतं "अरेरे" म्हणाल्या. दुसरा काचपट्टीवर अखंड चढवायचा, शुक्रवारी त्या बघणार, मग मला कायम करायचं की नाही ते ठरणार. खरी रीत अशी, की काडीला पापणीचा एक केस चिकटवून ओला करायचा, दात अलगद त्याला चिकटतो. मी माझे उपटून पाहिले, पण ते फार मऊ. डाव्या डोळ्याची पापणी आता पार बोडकी झालीय आणि म्मापुला विचारते, "एवढा कुणासाठी रडलास रे?"

तुमचा लाडका,
मादिमेजा

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. बाई म्हणतात, या कामाला डुकराच्या पापणीचा केस सगळ्यात ताठ. सान्नी तुमचं ऐकते. (मला चावली होती, पण ते आमचं आम्ही बघू.) एकच केस, गुरुवारी इकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे पाठवा.

आणखी ता. क. (वेगळ्या चिठ्ठीवर, पत्रामागून निघालेल्या टॅक्सीने.) मामा, घात झाला! पत्र मी कामाच्या टेबलावर लिहिलं होतं, दाताच्या बशीशेजारी. बशी रिकामी आहे. बाह्या झटकल्या, फरशी चाळली, आता फक्त तुमचं पत्र उरलंय, दात त्यालाच चिकटून गेला असणार. अजून उघडलं नसेल तर हात लावू नका, मी येतोय. उघडलं असेल आणि नेहमीसारखं शिंकून झालं असेल, तर सान्नीला सोडून द्या, केस आता नको. डुकरं राखायला माणूस हवाय का, तेवढं कळवा.