रिकाम्या पाण्यातली रेघ

दिमोना, ३ मार्च २००३

चि. ओरलीस आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. तू सांगितलंस, खारट पाण्यात सोन्याच्या दोन टोकांमध्ये प्रथिनाचा एकच रेणू अडकवता, त्यातून वीज गेली की पडद्यावरची रेघ उडी मारते. मला धास्तीच बसली. दिसत नाही, तो तिथे आहे हे नुसत्या रेघेवरून ओळखायचं? एक विचारते, हसू नकोस. रेणू घातलाच नाही, तर रेघ गप्प बसते ना? मी केकचं प्रत्येक अंडं आधी वेगळ्या पेल्यात फोडते, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकते, आपल्या धर्मात रक्त चालत नाही ना, तसं. आणि एवढ्या मोठ्या सरांना नुसतं अवीनोअम म्हणतेस, जीभ अडखळत नाही?

माया आहेच, पत्राने वाढव.
आई

हैफा, ९ मार्च

ती. आईस शालोम.

वि. वि. हसले नाही. नुसतं पाणी आम्ही पहिल्या वर्षी तपासलं होतं, मग घाईत राहूनच गेलं. परवा सगळे जेवायला गेल्यावर ठेवलं. रेघेने उडी मारली. टोकं बदलली, पुन्हा मारली. म्हणजे इतके दिवस रेणूची समजत होतो ती उडी रेणूची नसेलही. आमचा लेख या आठवड्यात छापायला जातोय. अवीनोअमसर (बघ, म्हटलं!) म्हणतात, हा लेख म्हणजेच तुझी डॉक्टरेट. तीन वर्षं, आई. मी गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही, त्याचीच भीती वाटते. लगेच लिही.

तुझी ओरली

दिमोना, १२ मार्च

चि. ओरलीस आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या दहाव्या वाढदिवसाला मी घाईत पाच अंडी एकाच भांड्यात फोडली, सहाव्यात ठिपका निघाला. सगळं ओतून दिलं. तू मोरीपाशी उभी राहून रडलीस, आठवतं? मी काय वेगळं सांगणार? सांगितलंस तरी घरी ये, नाही सांगितलंस तरी ये. पण मग तुझ्या डोळ्यांत बघायची मला भीती वाटेल. देव तुझ्या पाठीशी आहे.

वाट बघते.
आई

हैफा, २३ मार्च

ती. आईस शालोम.

वि. वि. सांगितलं, लेख जायच्या आधीच. सर म्हणाले, लेख थांबवा, आधी पाण्यात काय आहे ते शोधू. डॉक्टरेटचं ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. आता रोज आधी नुसतं पाणी ठेवते आणि श्वास रोखून बघते. गुरुवारी रेघ गप्प होती. पूर्ण तासभर.

रेणू घालायला मात्र अजून हात धजत नाही. या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावून प्रार्थना करशील, तेव्हा माझं नाव घे.

तुझीच,
ओरली