अम्मीची सुई

भाईजान,

अम्मीची शुगर वाढली एवढंच फोनवर सांगितलं. कारण सांगितलं असतं, तर तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं तुम्ही परत काढलं असतं. म्हणून हे पत्रही पाठवणार नाही.

तिच्या कानातला आवाज परत सुरू झालाय. इन्सुलिनमध्ये विष आहे म्हणतो. काल सुई द्यायला अब्बांनी तिचे हात धरले, तर ती किंचाळली. मीच सोडायला लावलं.

आज सकाळी सुई घेऊन मी नुसती तिच्याजवळ बसले.

"आवाज काय म्हणतो, अम्मी?"

"तू मला मारणार म्हणतो."

"तुला काय वाटतं?"

"खरं बोलत असंल," ती म्हणाली. "पण तू माझी लेक हायेस."

आणि तिनं पोटावरचा पदर स्वतः बाजूला केला.

उद्या आम्ही तिला नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेतोय. आज सुई मी हळूच टोचली, भाईजान, आणि तिचा पदर परत नीट केला.

तुमची,
तमन्ना
कर्जत